बीज पंडुमच्या रात्री गोळीबार का झाला: साधा माणूस बंदूकवाल्याला ‘धोका’ कसा वाटायला लागतो

१७ मे २०१३ ची रात्र. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात, गंगालूरच्या आत जंगलात एडसमेट्टा नावाचं गाव आहे, तिथली माणसं बीज पंडुमसाठी जमली होती. पेरणीच्या आधीचा हा सण, बियाणाची आणि भूमीची पूजा, आणि हे काही फार लांबचं नाही, बिजापूर आपल्या गडचिरोलीला लागूनच आहे, मध्ये इंद्रावती नदी, आणि अलीकडं भामरागडच्या माडिया गावांतही हा सण होतो. तर तिथं आग पेटवलेली होती, तिच्याभोवती माणसं होती. त्याच रात्री सीआरपीएफच्या कोब्रा तुकडीचे जवान सर्च ऑपरेशनसाठी त्या जंगलातून चालले होते. त्यांना अंधारात आग दिसली, हलणारी माणसं दिसली, आणि गोळीबार सुरू झाला. गावातली ८ माणसं गेली, त्यात अल्पवयीन पोरंही होती. कोब्राचा एक जवानही गेला.

पुढं न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या आयोगानं चौकशी केली. त्यांचा अहवाल मार्च २०२२ मध्ये विधानसभेत मांडला गेला, आणि त्यात म्हटलंय की जमलेली माणसं माओवादी नव्हती, त्यांच्याकडून हल्ला झाला नव्हता, जवानांनी आगीजवळची माणसं पाहून त्यांना नक्षलवादी समजून घाबरून गोळ्या चालवल्या. एकूण ४४ गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातल्या १८ एकाच जवानाच्या बंदुकीतून. आणि जो जवान मेला तो आपल्याच बाजूच्या गोळीनं मेला असावा, असंही आयोगाचं मत.

मला या लेखात हेच समजावून सांगायचंय, की हे होतं कसं. हातात बंदूक, अंगावर वर्दी, ट्रेनिंग घेतलेला, बहुतेक वेळा मनात वाईट हेतू नसलेला माणूस, त्याला सण साजरा करणारी माणसं हल्लेखोर कशी दिसतात. आपल्याकडं अशी बातमी आली की दोनच बोलणी ऐकू येतात. एक म्हणजे सगळे जवान क्रूर आहेत. दुसरं म्हणजे जवानांवर शंका घेणारे देशद्रोही आहेत. दोन्ही बोलण्यांनी आपण त्या रात्री काय घडलं याच्या जवळपासही पोचत नाही.

आधी एक फरक स्पष्ट करतो. खोटी चकमक हा वेगळा प्रकार आहे. तिथं मारणाऱ्याला माहिती असतं की समोरचा निर्दोष आहे, आणि बक्षीस किंवा प्रमोशनसाठी त्याला अतिरेकी ठरवून मारलं जातं. तो सरळ खून आहे, त्यात समजावण्यासारखं काही नाही, तिथं तपास आणि शिक्षा हवी. मी बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, जिथं गोळी चालवणाऱ्याला त्या क्षणी खरंच वाटत असतं की समोर शत्रू आहे. मेलेल्याच्या घरच्यांना या फरकानं काही मिळत नाही हे मला मान्य आहे. पण थांबवायचं कसं हे ठरवायला तो लागतो, कारण वाईट माणूस बाजूला काढला तरी हा दुसरा प्रकार थांबत नाही, चांगली माणसंसुद्धा त्याच जागी तीच चूक करतात.

सुरुवात भीतीपासून करू, कारण ती खरी आहे. ६ एप्रिल २०१० ला ताडमेटलाला माओवाद्यांनी घात लावून ७६ जवान मारले. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, आपल्या गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. अशा घटना प्रत्येक कॅम्पमध्ये रात्री जेवताना बोलल्या जातात, नवीन आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगितल्या जातात. मग तो पोरगा, समजा हरियाणाचा नाहीतर बिहारचा, त्याला गोंडी येत नाही, जंगल ओळखीचं नाही, तो रात्रभर चालतोय, पाठीवर वजन, झोप नाही, आणि त्याला शिकवलेलं आहे की आधी ज्याला दिसलं तो वाचतो. अशा वेळी डोकं ‘हे काय आहे’ असं विचारतच नाही. ते विचारतं ‘हे धोकादायक आहे का’, आणि या प्रश्नाला अंधारात नेहमी ‘असेल’ असंच उत्तर येतं. त्यातून पहिली गोळी कुणाची तरी सुटली की बाकीच्यांना वाटतं समोरून फायरिंग आलं. अंधारात आवाज कुठून आला ते कळत नाही. मग सगळेच चालवतात, आणि त्या गोळ्यांचा आवाज पुन्हा पुरावा बनतो की समोर शत्रू आहे. एडसमेट्टाच्या वर्षभर आधी, २८ जून २०१२ च्या रात्री, त्याच बिजापूर जिल्ह्यात सारकेगुडाला १७ गावकरी मारले गेले, तेव्हाही आयोगाला हेच दिसलं, मेलेल्यांपैकी कुणी माओवादी असल्याचा पुरावा नाही, आणि जे जवान जखमी झाले ते बहुधा आपसातल्या गोळीबारात. त्या रात्री गावकरी कशासाठी जमले होते, तर बीज पंडुमची बैठक होती.

म्हणजे दोन वर्षांत दोनदा, एकाच जिल्ह्यात, एकाच सणाच्या निमित्तानं जमलेली माणसं. हे वाचलं की मला फार त्रास होतो, कारण त्या भागात ऑपरेशन आखणाऱ्याच्या टेबलावर एक साधं कॅलेंडर असतं, कुठल्या दिवसांत कुठली गावं रात्री जमतात एवढं लिहिलेलं, तर निदान दुसऱ्या वेळी कुणीतरी म्हटलं असतं की थांबा. आयोगानंही शिफारस केली की जवानांना इथल्या लोकांचं राहणीमान आणि सणवार शिकवा. ही शिफारस करायला माणसं मरावी लागली.

आता थोडं गणित करू, कारण सगळ्यात मोठी चूक इथं होते आणि ती भीतीनं होत नाही, शांत डोक्यानं ऑफिसात बसून होते. समजा एका भागात १०,००० माणसं राहतात आणि त्यात २० जण खरोखर हत्यारबंद बंडखोर आहेत. हे आकडे मी फक्त समजावण्यापुरते घेतोय. आता कुणी एक खूण ठरवली, ‘रात्री घोळक्यानं बाहेर असणं’. समजा ही खूण चांगली आहे, बंडखोरांपैकी ९० टक्के लोकांत ती दिसते, आणि साध्या माणसांत फक्त ५ टक्क्यांत. ऐकायला भारी वाटतं ना, ९० विरुद्ध ५. पण मोजून बघा. २० चे ९० टक्के म्हणजे १८ बंडखोर. आणि उरलेल्या ९,९८० चे ५ टक्के म्हणजे ४९९ साधी माणसं. म्हणजे ती खूण दिसलेल्या ५१७ माणसांत खरे बंडखोर १८. शंभरातले साडेतीन. उरलेले साडेशहाण्णव सणाला चाललेत, मयताला चाललेत, मोहाची फुलं वेचायला पहाटे निघालेत, दवाखान्यात पेशंट नेतायत.

हा मुद्दा डोक्यात नीट बसवून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. जिथं साधी माणसं खूप आणि शत्रू थोडे असतात तिथं चांगली खूणसुद्धा मुख्यतः साध्या माणसांनाच पकडते. आणि प्रत्यक्षातल्या खुणा एवढ्याही चांगल्या नसतात. भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक बघा. मध्य भारतातल्या कितीतरी आदिवासी घरांत शिकारीसाठी ती असते, पिढ्यानपिढ्या. जून २०२१ मध्ये झारखंडच्या लातेहार जिल्ह्यात पीरी गावातली काही माणसं सरहूलच्या पारंपरिक शिकारीला अशाच बंदुका घेऊन निघाली होती, सुरक्षा दलांना ती माओवादी वाटली, गोळीबारात एक जण गेला. बंदूक होती हे खरंच होतं. पण त्या भागात बंदूक दिसण्यावरून माणूस माओवादी आहे हे जवळपास काहीच सिद्ध होत नाही, आणि हे तिथल्या कुठल्याही गावकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं.

पळणं ही तर सगळ्यात फसवी खूण. ‘पोलिसांना बघून पळाला म्हणजे काहीतरी लपवतोय.’ शहरातल्या माणसाला हे पटकन पटतं. पण ज्या गावातून फोर्स आली की तरुण पोरं उचलली जातात, महिनोन्महिने तुरुंगात जातात, तिथं पळणं हा शहाणपणा असतो, आई स्वतः पोराला सांगते की वर्दी दिसली की रानात जा. म्हणजे आधीच्या कारवायांनीच लोकांना पळायला शिकवलं, आणि आता त्या पळण्यावरच त्यांना गोळी लागते. बरं, उभं राहिलं तरी सुटका नाही, मग ‘रेकी करतोय’ म्हणून संशय.

इथपर्यंत तुम्हाला वाटेल की हा अंधाराचा आणि माहिती कमी असण्याचा प्रश्न आहे, चांगला कॅमेरा, ड्रोन दिला की मिटेल. मलाही हे उत्तर आवडलं असतं. पण काबूलची घटना बघा.

२६ ऑगस्ट २०२१ ला काबूल विमानतळाच्या ॲबी गेटवर आयसिस-के, म्हणजे आयसिसच्या अफगाण शाखेच्या, आत्मघाती हल्ल्यात अमेरिकेचे १३ सैनिक आणि दीडशेहून जास्त अफगाण माणसं मेली. पुढचा हल्ला होणार अशी खात्रीशीर खबर होती, आणि त्यात पांढऱ्या टोयोटा कोरोला गाडीचा उल्लेख होता. २९ तारखेला ड्रोनला एक पांढरी कोरोला दिसली, संशय असलेल्या एका जागेजवळ. आता काबूलमध्ये पांढरी कोरोला म्हणजे काय, तिथल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी गाडी तीच. पण गाडीमागे ड्रोन लागला आणि जवळपास ८ तास लागून राहिला. माणूस वेगवेगळ्या ठिकाणी थांबतोय, लोकांना घेतोय, सोडतोय. एका घरून बॅग उचलली. दुपारी काही जणांनी मिळून जड डबे काळजीपूर्वक गाडीत ठेवले. बघणाऱ्यांना वाटलं स्फोटकं. संध्याकाळी गाडी एका घराच्या अंगणात शिरली आणि हेलफायर मिसाइल सुटलं.

तो माणूस एका अमेरिकन मदतसंस्थेत काम करणारा होता. लोकांना घेणं-सोडणं म्हणजे ऑफिसच्या सहकाऱ्यांना लिफ्ट देणं. बॅगेत लॅपटॉप. डब्यांत पाणी, कारण घरच्या भागात पाणी येत नव्हतं आणि तो ऑफिसातून भरून नेत असे. अंगणात गाडी शिरली तेव्हा घरातली पोरं धावत बाहेर आली. १० माणसं मेली, त्यातली ७ मुलं.

सुरुवातीला अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनी या हल्ल्याला योग्य हल्ला म्हटलं होतं. गाडीत स्फोटकं होती याचा पुरावा म्हणून दुसऱ्या स्फोटाचा दाखला दिला गेला, तो बहुधा गॅसच्या टाकीचा निघाला. १७ सप्टेंबरला त्या भागातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी ही चूक झाली असं मान्य केलं. नंतर हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी तपास केला, त्यात दिसलं की हल्ल्याच्या दोन मिनिटं आधीच्या व्हिडिओत एक मूल दिसत होतं, बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे इथं दिवसाचा उजेड होता. कॅमेरा उत्तम होता. ८ तास वेळ होता. बघणारी माणसं अनेक होती. तरी चूक झाली, आणि माझ्या मते त्या ८ तासांनी चूक कमी व्हायच्या ऐवजी पक्की झाली. कारण एकदा डोक्यात बसलं की हा दहशतवादी आहे, की पुढचं प्रत्येक दृश्य त्यातच बसवलं जातं. जत्रेत लाल फ्रॉकमधली पोरगी हरवली की आईला सगळ्या गर्दीत लालच रंग दिसायला लागतो, तसं. पाण्याचा डबा डबाच राहत नाही. सावकाश गाडी चालवली तर ‘लक्ष वेधून घ्यायचं टाळतोय’, जोरात चालवली असती तर ‘पळतोय’. महत्त्वाचं हे की त्यादिवशी त्या माणसानं काय केलं असतं तर तो निर्दोष ठरला असता? मला एकही गोष्ट सुचत नाही. जिथं माणसाला निर्दोष ठरायचा एकही मार्ग शिल्लक राहत नाही तिथं निरीक्षण संपलेलं असतं, फक्त वाट बघणं चालू असतं.

अशी उदाहरणं खूप आहेत. २१ फेब्रुवारी २०१० ला अफगाणिस्तानातल्या उरुझगानमध्ये तीन गाड्यांतून साधी माणसं चालली होती, पहाटे नमाजाला थांबली, आणि हजारो मैलांवर अमेरिकेत नेवाडात बसून ड्रोन चालवणाऱ्यांच्या बोलण्यात ते नमाज पढणं तालिबान असल्याची खूण बनलं. गाड्यांत मुलं आहेत का यावर चर्चा झाली, ‘मुलं’ हळूहळू ‘किशोरवयीन’ झाली. अमेरिकी तपासानुसार २३ पर्यंत माणसं मेली. त्याआधी ३ जुलै १९८८ ला इराणच्या आखातात व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेनं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं, त्यात १० भारतीय. विमान वर चढत होतं, जहाजावरच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद होती, पण ताणाखाली असलेल्या काही जणांनी ते खाली झेपावतंय असं वाचलं आणि तसं ओरडून सांगितलं. हल्ला करणारं लढाऊ विमान अपेक्षित होतं, म्हणून आकडासुद्धा तसाच वाचला गेला.

आता दुसऱ्या बाजूनं बघू, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या बाजूनं. २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या नाक्यांवर सतत माणसं मरायची. सैनिक हात वर करून मूठ आवळायचा, त्यांच्या ट्रेनिंगमध्ये त्याचा अर्थ ‘थांब’. इराकी ड्रायव्हरला ते काहीच कळायचं नाही. मग सैनिक इशाऱ्याची गोळी हवेत झाडायचा. ड्रायव्हरला वाटायचं कुठूनतरी गोळीबार सुरू झालाय, पोरंबाळं गाडीत आहेत, इथून लवकर निघा, आणि तो ॲक्सिलरेटर दाबायचा. सैनिकाला दिसायचं की इशारा देऊनही गाडी वेगानं आपल्याकडं येतेय, म्हणजे कारबॉम्ब. दोघंही आपापल्या जागी जीव वाचवत होते. ४ मार्च २००५ ला तर बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर अशाच गोळीबारात इटलीच्या गुप्तचर खात्याचा अधिकारी निकोला कालिपारी गेला, तो अपहरणातून सोडवलेल्या पत्रकार बाईंना घेऊन चालला होता, म्हणजे मित्रदेशाचा प्रशिक्षित माणूससुद्धा यातून सुटला नाही. पुढं अमेरिकी सैन्यानं लांबूनच दिसतील असे अरबी भाषेतले बोर्ड, दिवे, अडथळे वाढवले, आणि २००६ मध्ये इराकमधले अमेरिकी कमांडर जनरल किआरेली यांनी अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी सक्तीची केली, तेव्हा हे प्रकार बरेच कमी झाले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सैनिक तेच, धोका तोच, फक्त थांबायचा इशारा कळेल असा केला आणि प्रत्येक गोळीचा हिशोब मागितला.

आपल्याकडं याच जातीची घटना म्हणजे ओटिंग. ४ डिसेंबर २०२१, शनिवार, नागालँडचा मोन जिल्हा. तिरूच्या कोळसा खाणीत काम करणारी कोन्याक जमातीची माणसं आठवड्याची मजुरी संपवून पिकअप गाडीतून घरी चालली होती, दुसऱ्या दिवशी रविवार, चर्च. सैन्याच्या २१ पॅरा स्पेशल फोर्सेसच्या तुकडीनं त्या रस्त्यावर बंडखोरांसाठी घात लावलेला होता, तशी खबर होती. गाडीत ८ माणसं होती, ६ जागच्या जागी गेली. रात्री माणसं घरी आली नाहीत म्हणून गावकरी शोधायला निघाले, त्यांना प्रेतं सापडली, संताप उसळला, झटापट झाली, पुन्हा गोळीबार, आणखी ७ गावकरी आणि १ सैनिक गेला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात अजून एक. एकूण १४ नागरिक.

गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की ओळखण्यात चूक झाली, गाडीला थांबायचा इशारा दिला होता पण ती पळायला लागली. वाचलेल्या मजुरानं सांगितलं की इशारा वगैरे काही झाला नाही, थेट गोळ्या आल्या. नागालँड पोलिसांच्या विशेष तपास पथकानं जून २०२२ मध्ये ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं, ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही असं त्यात म्हटलं.

मला ओटिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शनिवार ही गोष्ट. दर शनिवारी त्याच सुमाराला त्याच रस्त्यानं खाणमजूर घरी जातात, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहिती. खबऱ्यानं सांगितलं ‘आज या रस्त्यानं गाडी येणार’, आणि गाडी आलीच, कारण ती दर शनिवारी येतेच. खबर खरी ठरल्यासारखी वाटली. स्थानिक पोलीस ठाण्यात, गावप्रमुखाकडं विचारलं असतं की या वेळेला या रस्त्यावर कोण असतं, तर उत्तर मिळालं असतं. पण असं विचारलं की माहिती फुटेल, ही भीती गुप्त ऑपरेशनमध्ये असतेच, आणि ती काही अगदीच खोटी नाही. तरी माझं म्हणणं आहे की ही किंमत चुकीच्या बाजूनं मोजली जाते. माहिती फुटली तर एक ऑपरेशन वाया जातं. न विचारता गोळी चालवली तर १४ माणसं जातात, आणि पुढची कित्येक वर्षं त्या खोऱ्यात सैन्याला कुणी खरं सांगत नाही.

मग कायदा काय म्हणतो? जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ५० मध्ये स्पष्ट लिहिलंय, माणूस नागरिक आहे की नाही याबद्दल शंका असेल तर त्याला नागरिकच धरायचं. भारतानं या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, अमेरिकेनंही तो मंजूर केलेला नाही, पण अमेरिकेनं २०२३ मध्ये आपल्या युद्धकायद्याच्या मॅन्युअलमध्ये बदल करून हेच तत्त्व लिहून टाकलं. आपल्याकडं अफ्स्पाच्या, म्हणजे अशांत भागांत सैन्याला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, कलम ४ मध्ये गोळी चालवण्याआधी इशारा द्यायचं आहे, पण किती आणि कसा इशारा ‘आवश्यक’ ते अधिकाऱ्याच्या मतावर. जास्त त्रासदायक आहे कलम ६, केंद्राच्या परवानगीशिवाय खटला नाही. ओटिंगमध्ये केंद्रानं परवानगी नाकारली, सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या ३० जणांवरची कारवाई बंद केली, पुढं कधी परवानगी मिळाली तर चालवता येईल एवढं दार ठेवून. काबूलच्या बाबतीतही कुणाला शिक्षा झाली नाही.

शिक्षेचा मुद्दा आला की लोक म्हणतात जवानाच्या डोक्यावर केसची तलवार ठेवली तर तो लढणार कसा. मी या प्रश्नाला हलकं समजत नाही. भीतीपोटी दोन सेकंदांत निर्णय घेतलेल्या पोराला खुन्याच्या रांगेत बसवणं मलाही पटत नाही. पण खटला झाला नाही की फक्त शिक्षाच टळत नाही, कोर्टात उलटतपासणीत जे बाहेर येतं तेही टळतं. खबर कुणी दिली, तिची पडताळणी कुणी केली, त्या रस्त्यावर कोण जातं हे कुणी विचारलं, फायर म्हणायच्या आधी ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणाला होता. हे बाहेर आलं नाही तर पुढची तुकडी तशाच तयारीनं त्याच जागी जाते.

हा ‘थांबा’ म्हणणारा माणूस फार कामाचा. काबूलच्या तपासातली मुख्य शिफारस याच्याभोवतीच होती, की हल्ल्याआधी टीममध्ये कुणीतरी असा हवा ज्याचं काम सगळ्यांच्या समजुतीला छेद देणं असेल. एका माणसाची नेमणूक, की तू सतत विचारायचं, हा साधा माणूस असेल तर आपल्याला यापेक्षा वेगळं काय दिसलं असतं? आणि हे विचारल्याबद्दल त्याचं प्रमोशन अडणार नाही याची हमी. सैन्यात वरच्याला उलट विचारणं किती अवघड असतं हे तिथून आलेल्या कुणालाही विचारा, म्हणून हे स्वभावावर सोडून चालत नाही, ड्युटीच लावावी लागते.

दुसरा उपाय लोक लगेच सुचवतात तो म्हणजे स्थानिक माणसं भरती करा. गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक सुरू झालं ते याच विचारानं, जिल्ह्यातलीच पोरं, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल पायाखालचं. भाषा येणाऱ्याला रात्रीच्या ढोलाचा आवाज लग्नाचा की सणाचा हे कळतं, म्हातारीला ‘आजी, कोण गेलं इकडून’ असं तिच्या भाषेत विचारता येतं, आणि बऱ्याच गोळ्या इथंच वाचू शकतात. पण हा उपाय आंधळेपणानं वापरला तर उलटतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभं करणाऱ्या मोहिमेच्या, काळात स्थानिक पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या, आणि गावागावातली जुनी भांडणं, जमिनीचे वाद, सूड, सगळं त्या बंदुकांमागं आलं. शेवटी ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते बंद करायला सांगितलं. स्थानिक माहिती असणारा माणूस हवा, पण खबरीच्या वैयक्तिक हिशोबावर ऑपरेशन चालता कामा नये, एकाची खबर दुसऱ्या वेगळ्या माणसाकडून पडताळायलाच हवी.

आणि वेळ. जिथं जमेल तिथं वेळ घ्यायचा. समोरून गोळी आलेली नसेल, कुणाचा जीव त्या क्षणी धोक्यात नसेल, तर घेराव घालून उजाडेपर्यंत थांबता येतं. रात्री जो घोळका होता तो पहाटे म्हातारीकोतारी आणि पोरंबाळं असलेलं गाव दिसतो.

आपण वाचणाऱ्यांनी काय करायचं, तर बातमी वाचताना पहिल्या दिवशीचं वाक्य शेवटचं समजायचं नाही. ‘इतके माओवादी ठार’, ‘इतके अतिरेकी ठार’ असं आलं की बघायचं, समोरच्यांकडं काय सापडलं, मेलेल्यांत मुलं आहेत का, गाववाले काय म्हणतायत, त्या दिवशी त्या गावात काय होतं. काबूलमध्ये चूक १९ दिवसांतच मान्य झाली, कारण पत्रकार त्या घरापर्यंत पोचले, ऑफिसच्या सीसीटीव्हीत तो माणूस पाण्याचे डबे भरताना सापडला, त्याच्या संस्थेची माणसं इंग्रजीत बोलू शकत होती. सारकेगुडाचा अहवाल यायला सात वर्षं लागली, एडसमेट्टाचा यायला जवळपास नऊ. तिथं सीसीटीव्ही नव्हता. होत्या त्या गावातल्या बायामाणसांच्या साक्षी, आणि त्या पहिल्या दिवसापासून तेच सांगत होत्या जे आयोगानं शेवटी लिहिलं.